चोथा घाला, पण वाळवून

संपादक महोदय, नमस्कार.

ज्यूस कारखान्यातला फळांचा चोथा ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांना घाला आणि फीडचा खर्च वाचवा, असा सल्ला हल्ली बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतो. एकूण खर्चात ६०-७० टक्के वाटा खाद्याचाच, त्यामुळे माणूस लगेच तयार होतो, मीही झालो होतो. चोथा वाईट नाही हो, पण ओला घालू नका, हे कळकळीने सांगायला लिहितोय.

मी सफरचंदाचा ओला चोथा फीडमध्ये कालवून दिला, पक्षी तुटून पडले, वाटलं जमलं. आठवड्यात विष्ठा चिकट झाली, खाली अंथरलेल्या तुसाची ढेपळं व्हायला लागली, शेडमध्ये पाऊल टाकलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे, आणि पक्षी उचलून बघितला तर तळपाय काळे पडलेले. वजन मागे पडलं ते वेगळंच.

नंतर कळलं की चोथ्यात पेक्टिन नावाचा चिकट तंतू असतो, त्याने आतड्यातलं खाणं चिकट होतं आणि अंगी लागत नाही, कोंबडी काही गाईसारखी रवंथ करून तंतू पचवत नाही ना. शिवाय ओल्या चोथ्यात चारातले तीन हिस्से पाणीच, पोट भरतं पण प्रथिनं मिळत नाहीत, आणि पडून राहिला की बुरशी. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार झालं तर पक्ष्याचं लिव्हर गेलंच समजा.

वाळवून ओलावा १०-१२ टक्क्यांवर आणला, दळला आणि तीन आठवड्यांपुढच्या पक्ष्यांना ५ टक्क्यांच्या आत दिला तर चालतो, पण फीडमधला मका काढून तेवढाच चोथा टाकला असं करू नका, एनर्जी आणि प्रथिनांचा हिशोब परत मांडावा लागतो. द्राक्षाचा चोथा तर मला चांगला वाटतो, त्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या घटकांमुळे मांसातली चरबी लवकर खवट होत नाही. आंब्याच्या कोयीतल्या गरात स्टार्च चांगला असतो पण टॅनिन नावाचा तुरट, पचनाला अडथळा आणणारा पदार्थही असतो, म्हणून उकळून ते पाणी फेकायचं मगच वाळवायचं. अ‍ॅव्होकॅडोची साल, बी मात्र शेडच्या आसपासही नको, त्यातलं पर्सिन पक्ष्यांना विषारी आहे.

कारखान्यांना एकच विनंती, चोथा निघाला त्याच दिवशी तुमच्याकडेच वाळवा आणि ओलावा, तंतू, प्रथिनं किती ते पोत्यावर लिहून द्या. फुकट नको, आम्ही पैसे देऊ.

एक ब्रॉयलर उत्पादक