आजोबांचं जू, तीन पेनं आणि पंचवटीतले कातारी काका

काका, नमस्कार. समोर आलो की तुम्ही आभार मानूच देत नाही, "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

सुरगाण्याकडे आजोळी आजोबांच्या बैलगाडीचं जू पडून होतं, तिवसाच्या लाकडाचं. बरंचसं किडीने खाल्लेलं, चांगलं लाकूड निघालं ते जेमतेम सात ब्लँकपुरतं, म्हणजे पेन कातायच्या लाकडी तुकड्यांपुरतं. आई आणि दोन मामा, तिघांना एकेक पेन करून द्यायचं होतं, एका पेनाला दोन ब्लँक म्हणजे सहा लागणार. पेनाच्या आतल्या पितळी नळीसाठी ७ मिमीचं भोक पाडायला घेतलं आणि लागोपाठ दोन फुटले, दोन्ही ड्रिल खालून बाहेर पडताना. तिवस आता सहज मिळत नाही, आणि मिळालं तरी ते आजोबांचं जू नसणार ना.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो. ओळख काहीच नाही, लाटणी आणि पाळण्याचे खांब कातून देणारे एक काका आहेत एवढंच ऐकलेलं. तुम्ही फुटका तुकडा नुसता फिरवून बघितला आणि म्हणालात, आरपार भोक पाडूच नको, ब्लँक सेंटिमीटरभर लांब ठेव, ड्रिल अलीकडेच थांबव आणि मग बूड करवतीने काप, भोक आपोआप उघडं पडतं. आणि घाई नको, थोडं गेलं की ड्रिल बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, गार होऊ द्यायचं, कारण लाकूड तापलं की तडकतं. उरलेले पाचही ब्लँक तुम्ही शेजारी उभं राहून माझ्याकडून पाडून घेतले, एकही फुटला नाही.

पाच ब्लँक म्हणजे अडीच पेनं. तेव्हा तुम्ही माळ्यावरून अंजनाच्या लाकडाचा तुकडा काढून दिलात, लालसर काळपट, पाण्यात टाकला तर बुडेल इतका जड. धाकट्या मामाच्या पेनाची वरची बाजू तिवसाची आणि खालची तुमच्या अंजनाची आहे, आणि खरं सांगतो, तिघांत तेच सगळ्यात देखणं झालंय.

त्या दिवशी बिबळ्याच्या लाकडाचा भुसा पाण्यात टाकून उन्हात धरून दाखवलात, पाण्याला निळी झाक आली, ते अजून डोळ्यासमोर आहे. आणि पॉलिशला मी सुपरग्लू आणला होता तर तुम्ही फिरत्या पेनावर लाखेची कांडी टेकवलीत, घर्षणाने लाख वितळून बसली, वरून केवड्याच्या पानाने घासलीत आणि तिवसाचे रेषे असे वर आले की मी गप्पच झालो. दोन आठवडे रोज संध्याकाळी तुमचं लेथ मी अडवलं, तुमची लाटण्यांची ऑर्डर थांबली, तरी एक रुपया घेतला नाहीत.

आईने पेन हातात घेतलं आणि आधी वास घेतला. मग किराणाची यादी लिहायला बसली, नेहमीपेक्षा बरीच मोठी.

तुमचा ७ चा ड्रिल बिट माझ्याकडेच राहिलाय काका, रविवारी आणतो. ते दोन फुटके तुकडेही आणतो, त्यातून काही निघतंय का बघू.