ताई, तुम्ही आधी त्याला विचारलंत

प्रिय ताई,

तुमचं नाव कुठं लिहायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून नुसतं ताई. वयानं तुम्ही माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असाल, पण दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, भात झोडून झालं का म्हणून विचारता. त्यामुळे हे पत्र लिहायला घेतलं, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. ज्यांच्या घरातलं कुणी दुबईत, शारजात, मस्कतमध्ये आहे, त्यांनी ते वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

माझा धाकटा भाऊ तुमच्या मदतीनं दुबईहून परत आला त्याला वर्ष होऊन गेलं. तो का गेला ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं गाव दापोली तालुक्यातलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारत आडव्या झाल्या. माड तर असे पडले होते की घरातून रस्त्यावर यायला वाट उरली नव्हती. वादळ गेलं की छप्पर पुन्हा घालता येतं, पोफळ लावली तर धरायला पाच-सहा वर्षं जातात. वर लॉकडाऊन. भाऊ एसी-फ्रीजचं काम शिकलेला, पण कामच नव्हतं. मुंबईच्या एका एजंटानं एक लाख वीस हजार घेतले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याला व्हिजिट व्हिसावर दुबईला धाडलं. आईच्या बांगड्या पतपेढीत गेल्या त्या तेव्हाच.

पहिले काही महिने बरे गेले. मग तो ज्या लहानशा कंपनीत होता तिचा पगार थकला. चार महिने काढल्यावर तो दुसरीकडे रोजावर जायला लागला, तर मालकानं हा पळून गेला अशी तक्रार टाकली. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात. जानेवारी २०२३ मध्ये व्हिसा संपला आणि त्यानंतर प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड चढत गेला. आम्हाला यातलं अक्षर माहीत नव्हतं. फोन करायचा, पण कॅमेरा बंद. नेट बरोबर नाही म्हणायचा. दीड वर्ष आईनं त्याचा चेहरा पाहिला नाही.

७ सप्टेंबर २०२४, गणपती बसले त्या दिवशी त्यानं स्वतःहून व्हिडिओ कॉल केला. मी फोन मखराकडे धरला. आरती संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अक्का, तू जरा बाहेर ये." पडवीत उभी राहून मी सगळं ऐकलं. साताठ जणांच्या खोलीत वरचा बंक. आजारी पडला तरी दवाखान्यात जायची भीती, कारण तिथं कार्ड मागतात. संध्याकाळी खाली चहा प्यायला उतरायचं तर आधी खिडकीतून रस्ता बघायचा. आणि दंड झाला होता ३०,००० दिरहमच्या वर, म्हणजे आपले जवळजवळ सात लाख.

त्यानंच सांगितलं की १ सप्टेंबरपासून तिथल्या सरकारनं माफी दिली आहे, दंड भरावा लागणार नाही. पण खोलीतले लोक म्हणत होते की हा सापळा आहे, गेलास की आत टाकतील. अशा वेळी कुणीतरी त्याला तुमचा नंबर दिला. दिवसभर ऑफिसात हिशेबाचं काम, आणि शनिवार-रविवारी दुबईतल्या अल अवीरला माफीच्या तंबूशी उभं राहून अनोळखी माणसांचे फॉर्म भरायचे. हे तुम्ही का करता, मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तुमचं-माझं पहिलं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. मी रडतच म्हटलं, ताई, काहीही करा पण त्याला घरी पाठवा. तुम्ही मला रडू दिलंत. मग म्हणालात, "अक्का, तुम्ही त्यांना 'ये' म्हणू नका. काय वाटतं ते विचारा. मी त्यांना दोन्ही रस्ते सांगितलेत."

खरं सांगते, मला त्या वेळी राग आला होता. भाऊ माझा, आणि ही कोण मला सांगणार? दुसरा रस्ता कसला, तेही मला कळत नव्हतं. मग तुम्ही समजावलंत: या माफीत परत गेलं तर दंड नाही आणि पुन्हा यायला बंदीही नाही. पण कुणी नवा मालक काम द्यायला तयार असेल तर तिथंच राहून कागद सरळ करून घेता येतात. दोन्ही वाटा त्याच्या हक्काच्या आहेत आणि निवडायची त्यानं. घरच्यांच्या रडण्यानं आलेला माणूस सहा महिन्यांत पुन्हा एजंटाच्या दारात उभा राहतो, हे तुमचं वाक्य मी अंगणवाडीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

त्या रात्री मी त्याला फोन लावला आणि विचारलं, तुला काय वाटतं? तो बराच वेळ गप्प होता. गेल्या तीन वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाला. एजंटानं विचारलं नाही, मालकानं नाही, आणि जाताना आम्हीही विचारलं नव्हतं. बांगड्या काढून दिल्या आणि जा म्हटलं. त्यानं चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी सकाळी तुम्हाला आणि मला एकच मेसेज आला, "मला घरी यायचंय."

मग कागदांची धावपळ. पासपोर्ट नव्हता, पण आईच्या ट्रंकेत रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये त्याच्या पासपोर्टची एक झेरॉक्स निघाली, कडेला वाळवीनं खाल्लेली. मी ती मोबाइलवर पाठवली आणि तुम्ही म्हणालात, अर्धं काम झालं. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासानं त्याच तंबूपाशी मदतीचं टेबल मांडलं होतं हे तुमच्याकडूनच त्याला कळलं. आउटपाससाठी, म्हणजे पासपोर्टऐवजी परत यायला मिळणाऱ्या कागदासाठी, फोटो, फॉर्म, मग बोटांचे ठसे, मग एक्झिट परमिट. भाऊ सांगतो, तुम्ही त्याच्याबरोबर रांगेत होतात, आणि पुढच्या नेपाळी पोराला त्याच्या दूतावासाचा पत्ता हातावर लिहून देत होतात, कारण त्याचा मोबाइल बंद पडला होता. ठसे घेणाऱ्या खिडकीशी भावाचा हात थरथरायला लागला. तुम्ही फक्त म्हणालात, "दापोलीला आता भातकापणी असेल ना?" तो तुम्हाला भाताबद्दल सांगत राहिला आणि ठसे होऊन गेले.

इथपर्यंतची मदत करणारी माणसं आणखीही असतील, त्यांनाही माझा नमस्कार. पण मला आज खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या गोष्टीचे.

तिकीट निघाल्यावर भाऊ गप्प झाला होता. गल्फमधून येणारा माणूस ब्लँकेटं, चॉकलेटं, सेंटच्या बाटल्या घेऊन येतो. वाडीतली पोरं जीपमागे धावतात. याच्याजवळ काही नव्हतं. "हात हलवत आला" हे शब्द त्याच्या कानात आधीच वाजत होते. तुम्ही त्याला विचारलंत, तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी कुठलं काम करू शकाल? तो म्हणाला, एसीचं, पण अवजारं नाहीत. तेव्हा तुम्ही आणि तुमच्या दोन मैत्रिणींनी मिळून त्याला एसीतल्या गॅसचा दाब मोजायच्या गेजचा सेट घेऊन दिलात, निळ्या, लाल आणि पिवळ्या नळीचा, चांगल्या पितळेचा. शिवाय खजुराचा एक मोठा पत्र्याचा डबा. म्हणालात, "लोक काय आणलंत म्हणून विचारणारच. त्यांना खजूर द्या. गेज कुणाला देऊ नका."

ऑक्टोबरमध्ये मुंबई विमानतळावर मी त्याला घ्यायला गेले होते. एक बॅग, त्याला नायलॉनची दोरी. वजन पंधरा किलो घटलेलं. मला पाहिल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "अक्का, यात गेज आहेत, सांभाळून धर."

आल्यावरचे दिवस कठीण गेले. रात्री दोनला उठून पडवीत बसायचा. रस्त्यावर गाडी थांबली की आत जायचा. पहिले पंधरा दिवस तो फक्त शेतावर गेला, कापणीला, तेही पहाटे, कुणी भेटू नये म्हणून. मला वाटत होतं घरी आला म्हणजे सुटलो. तुम्हाला माहीत होतं की तसं नसतं. दर रविवारी तुमचा फोन. पैशांचं कधी विचारलं नाहीत. झोप लागते का, जेवतात का, आज कुणाशी बोललात. कर्जाचं दडपण त्याला बोलता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही त्याला एका कागदावर सगळं लिहायला लावलंत: कुणाचे, किती, व्याज किती, कोण थांबायला तयार आहे. एकूण तीन लाख दहा हजार निघाले. डोक्यात तो आकडा दहा लाखांचा झाला होता, म्हणाला. कागद घेऊन आम्ही पतपेढीत गेलो आणि हप्ते बांधून घेतले.

आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात एक चाचा आहेत, कुवेतला होते. १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा ते बसनं बगदादमार्गे अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला. लाखाच्या वर माणसं तेव्हा तशी आणली सरकारनं. भाऊ आल्याचं कळल्यावर ते काठी टेकत आमच्याकडे आले. म्हणाले, "विमानातनं उतरवलं, शाबासकी झाली, पण त्यानंतर कोण विचारतंय? मी वर्षभर मोहल्ल्यात तोंड दाखवलं नव्हतं." त्या दिवशी भाऊ त्यांच्याशी दोन तास बोलला. तुम्ही विचारायचात ना, आज कुणाशी बोललात? ते उत्तर देताना तो पहिल्यांदा हसला होता.

केरळात परत आलेल्यांसाठी सरकारचं नोर्का म्हणून वेगळं खातं आहे, धंद्याच्या कर्जावर ते तीन लाखांपर्यंत सबसिडी देतात, असं तुमच्याकडूनच कळलं. कोकणातून माणसं बाहेर जायला लागली त्याला पिढ्या झाल्या, आधी मुंबईच्या गिरण्यांत, मग आखातात. परत येणाऱ्या माणसाची विचारपूस करणारं असं एखादं टेबल आपल्या तालुक्याच्या कचेरीत का असू नये? हे मी ग्रामसभेत उभं राहून बोलले. दोन जणांनी मान हलवली. पुढच्या सभेतही बोलणार आहे.

आता चांगली बातमी, जी तुम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळली असेल. गेल्या डिसेंबरात, नाताळची गर्दी असताना, कर्द्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात चार एसी एकदम बसले. मेकॅनिक खेडहून यायचा तो येईना. कुणीतरी भावाचं नाव सांगितलं. खारा वारा एसीची बाहेरची जाळी कशी खातो हे त्याला दुबईत पाठ झालं होतं, तिथंही समुद्र आणि वर वाळू. रात्री अकरापर्यंत त्यानं चारही चालू केले. तिथून मुरूड, हर्णै, लाडघर, कामं येत गेली. मार्चात मुद्रातून ५० हजारांचं कर्ज झालं, आधी दोनदा परत पाठवल्यावर. जुनी दुचाकी घेतली. आईच्या दोन बांगड्या सुटल्या, दोन अजून पतपेढीत आहेत.

मीही माझ्या परीनं करते. अंगणवाडीत पोरांना न्यायला आया येतात, त्यांतल्या कितीतरी जणींचे नवरे, दीर जायच्या तयारीत असतात. त्यांना सांगते: व्हिजिट व्हिसा म्हणजे कामाचा व्हिसा नव्हे. एजंट नोंदणीचा आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट या साइटवर बघा. पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा, आणि वाळवी लागणार नाही अशा जागी. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, अडचण आली तर तिथं फोन करायचा, लाजायचं नाही. परवा शेजारच्या गावची एक बाई तिच्या मुलाचं गाऱ्हाणं घेऊन आली, तो ओमानला अडकलाय. भावानं तिच्या फोनवरून त्या मुलाशी बोलणं केलं. मी ओटीवर भाजी निवडत होते. त्यानं दुसरं काही बोलायच्या आधी त्याला विचारलं की तुझ्या मनात काय आहे, राहायचं की यायचं. ती बाई माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी तुमच्यावर रागावले होते तेव्हा माझी नजर असेल.

ताई, तो खजुराचा डबा रिकामा झाला तेव्हा आईनं त्यात पोहे भरायला घेतले होते. भावानं मागून घेतला. आता त्यात फ्लेअर नट, फ्यूज, लहानसहान स्क्रू असतात आणि तो गेजच्या शेजारी दुचाकीच्या डिकीत असतो.

या उन्हाळ्यात वाडीतला एक मुलगा शारजाला जातोय, रीतसर कागद करून. त्याच्याबरोबर आमसुलं, कोकमाचं आगळ आणि आईनं केलेली फणसाची साठं पाठवते. तुम्ही नको म्हणाल म्हणून आधी विचारत नाही. फक्त तुमचा पत्ता बदललाय का ते रविवारी भावाला सांगा.

तुमची,
अक्का
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी