शनिवारच्या सेशनबद्दल सूचना (सगळ्यांनी वाचा प्लीज)

मंडळी, माणूस-प्राणी-पर्यावरण या आपल्या पेपरचं पुढचं सेशन येत्या शनिवारी संध्याकाळी ७ ते ८:३०, ऑनलाइनच, लिंक शुक्रवारी रात्री टाकते.

येताना प्रत्येकाने एक निरीक्षण आणायचंय. कुठलाही एक प्राणी किंवा पक्षी, सलग २० मिनिटं, आणि आजूबाजूची माणसं त्याच्याशी कशी वागतात तेही.

- जे दिसलं तेच लिहा. "कुत्रा नाराज होता" नको, "कान मागे, शेपूट पायात, दाराकडे तीनदा बघितलं" असं हवं.
- खायला घालू नका, हाका मारू नका, घरट्याजवळ तर अजिबात जाऊ नका.
- माणसांचे चेहरे, नावं नोंदीत नकोत.

तुम्ही स्वतः कुठे बसला होतात तेही लिहा, हे मागच्या वेळी निम्म्या लोकांनी गाळलं होतं (मी पण!). हान्स घोडा आठवतोय ना, गणितं सोडवायचा, खुराने टपटप करून उत्तर द्यायचा, आणि १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने दाखवलं की तो समोरच्या माणसाच्या मानेची बारीकशी हालचाल बघून थांबतो, विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. म्हणजे बघणारा माणूसही डेटाच आहे.

दुसऱ्या भागात गिधाडं आणि डायक्लोफेनॅक, गुरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या किडनीपर्यंत कसं गेलं ते. त्याचं वाचन ग्रुपच्या फाइल्समध्ये आहे, मोठं नाहीये.

नोंदी गुरुवार रात्रीपर्यंत टाका, येणार नसाल तर आधी कळवा.