ठाण्याच्या बागेतला ‘सॅलॅमँडर’

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की घोडबंदर रस्ता, येऊरचा पायथा, पारसिकची टेकडी आणि खारघर अशा डोंगराला टेकलेल्या वस्त्यांत कुंड्या हलवताना एखादा अनोळखी प्राणी दिसतो, त्याचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते आणि तासाभरात त्याला नावही मिळते. यंदा आमच्या भागात हे नाव ‘सॅलॅमँडर’ असे पडले आहे. एका गृहसंकुलाच्या मागच्या बागेत जास्वंदीच्या कुंडीखाली सापडलेल्या प्राण्याचे छायाचित्र मलाही तीन-चार ठिकाणांहून आले. त्यासोबत ‘दुर्मीळ’, ‘विषारी’ आणि ‘हात लावू नका’ अशी तिन्ही विशेषणे होती. ठाण्याच्या महाविद्यालयात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेले असल्यामुळे या ओळखीबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात.

ते छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले, चकाकणारे खवले स्पष्ट दिसत होते. पाय अगदी तोकडे होते, तरी बोटांच्या टोकाला बारीक नख्या होत्या, डोळ्यामागे कानाचे इवलेसे छिद्र होते आणि शेपटी लालभडक होती. यांतील खवले, नख्या आणि कानाचे छिद्र यांपैकी एकही गोष्ट सॅलॅमँडरला नसते. सॅलॅमँडर हा बेडकाच्या कुळातला, म्हणजे उभयचर प्राणी असून त्याची त्वचा उघडी, मऊ आणि ओलसर असते, कारण श्वसनाचा मोठा भाग तो त्वचेवाटेच करतो. त्याला कानाचे छिद्र नसते, नख्या नसतात आणि पुढच्या पायांना सहसा पाच नव्हे, चारच बोटे असतात. छायाचित्रातला जीव होता आपल्या साध्या सापसुरळीचे पिल्लू. शास्त्रात ‘रिओपा पंक्टाटा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या पिल्लांची शेपटी अशी लाल असते आणि वय वाढते तसा तो रंग विरत जातो. सापसुरळी विषारी असते, ती चाटून गेली तरी माणूस दगावतो, हा समज महाराष्ट्रभर पसरलेला असला तरी जगातली एकही सापसुरळी विषारी नाही. त्या पिल्लाचा मात्र रखवालदाराच्या झाडूखाली शेवट झाला होता, असे नंतर कळले.

फोनमधली चित्र ओळखणारी अ‍ॅप या गोंधळात भरच घालतात, असे माझे स्पष्ट मत आहे. लांबट अंग, आखूड पाय आणि चकाकी एवढ्यावरून ती जगभरातल्या छायाचित्रांशी तुलना करतात. छायाचित्र ठाण्यात काढले की जर्मनीत, हे त्यांना सांगितलेच नाही तर उत्तर कुठलेही येऊ शकते. ओळख पटवताना पहिला प्रश्न ‘हा प्राणी सापडला कुठे’ हाच असायला हवा, आणि सॅलॅमँडरच्या बाबतीत तर तो निर्णायक आहे, कारण भारतात हे प्राणी केवळ पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आढळतात. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरी येथे त्यांच्यासाठी एक छोटेसे अभयारण्यही राखलेले आहे. पूर्व हिमालयातल्या सॅलॅमँडरला ‘टायलोटोट्रायटन हिमालयानस’ ही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती २०१५मध्ये.

येथे कोणी विचारील की, बेडकांच्या इतक्या जाती नांदवणाऱ्या, चार महिने चिंब असणाऱ्या आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर का नसावेत? उत्तर पावसात नसून जमिनीच्या इतिहासात आहे. सॅलॅमँडरांचा वंश प्रामुख्याने उत्तरेकडील भूखंडांवर वाढला, तर आपले द्वीपकल्प दक्षिणेच्या गोंडवन महाखंडातून सुटून सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडले. त्यानंतर हे प्राणी चीनच्या बाजूने पूर्व हिमालयापर्यंत आले, पण मधली उष्ण मैदाने ओलांडून सह्याद्रीपर्यंत पोहोचले नाहीत. उलट, उभयचरांचा जो तिसरा गट आहे, ती देवगांडुळे, त्या जुन्या जमिनीबरोबरच आली असे मानले जाते आणि ती सह्याद्रीत मुबलक आहेत. खंडाळ्याच्या नमुन्यांवरून एडवर्ड टेलर यांनी १९६०मध्ये वर्णिलेली ‘इंडोटिफ्लस बॅटर्सबी’ ही जात आपल्यापासून लोकलच्या अंतरावरची आहे, तर आंबोलीच्या एका जातीला २००३मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचे नाव देण्यात आले. अतिवृष्टीच्या रात्री मातीतून वर आलेले, पाय नसलेले, अंगावर वळ्यावळ्यांच्या खुणा असलेले हे बुळबुळीत जीव सापाचे पिल्लू समजून ठेचले जातात. त्यांना विषारी दात नाहीत, आणि खवले असले तरी ते त्वचेच्या वळ्यांत दडलेले असल्याने वरून दिसत नाहीत.

चार पाय, शेपटी आणि ओली त्वचा या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तरी लगेच हुरळून जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये बागेतल्या डबक्याच्या काठावर अगदी असाच दिसणारा प्राणी म्हणजे शेपटी अजून जिरायची असलेले बेडकाचे पिल्लू होय. त्याचे डोके रुंद, डोळे वर आलेले आणि मागचे पाय पुढच्यांपेक्षा खूप लांब असतात. काही दिवस थांबले की शेपटी आपोआप अंगात शोषली जाते आणि प्रश्न मिटतो.

हे सारे तपासूनही प्राणी खरोखर सॅलॅमँडरच ठरला, तर तो कोणाच्या तरी काचपेटीतून आलेला आहे, असेच समजावे. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला गुलाबी-पांढरा ‘अ‍ॅक्सोलॉटल’ पाळण्याची हौस आता शहरांत वाढू लागली आहे. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को येथील कालव्यांचा असून निसर्गात तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीनंतर असे विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते, हे हौशी मंडळींच्या गावीही नसते. त्याला थंड पाणी लागते, त्यामुळे उपवन किंवा मासुंदा तलावात सोडला तर तो फार काळ तगणार नाही. पण तो जाता जाता काय मागे ठेवून जाईल, याची काळजी अधिक आहे. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीने ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत कित्येक जाती संपवल्या आणि तिच्या प्रसाराला प्राण्यांचा व्यापार मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरला. सॅलॅमँडरांना मारणारी तिची भावंडच म्हणावी अशी बुरशी २०१३मध्ये नेदरलँड्समध्ये उघडकीस आली. कंटाळा आला म्हणून पाळलेली कासवे तलावात सोडणाऱ्यांनी निदान या प्राण्यांच्या बाबतीत तरी तसे करू नये.

आपल्या दैनिकात वाचकांनी पाठवलेली अशी छायाचित्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्यासंबंधी एक विनंती आहे. छायाचित्रासोबत प्राणी सापडल्याचे ठिकाण आणि तारीख मागावी, तसेच डोक्याची एक बाजू आणि एक पाऊल स्पष्ट दिसेल असे दुसरे छायाचित्र मागावे. प्राण्याला हातात धरून छायाचित्र काढण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण सॅनिटायझर किंवा मीठ-मसाल्याचा हात उभयचरांच्या त्वचेला अपायकारक ठरतो आणि सापसुरळी घाबरली तर शेपटी टाकून पळते. महापालिकेच्या उद्यान विभागाने माळी आणि रखवालदार यांच्यासाठी पावसाळ्यापूर्वी सापसुरळी, देवगांडूळ आणि बिनविषारी साप यांच्या चित्रांचा एखादा फलक उद्यानांत लावला, तर त्याला फार खर्च येणार नाही. ज्यांना तरीही भीती वाटते, त्यांनी झाडू उचलण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)