जोडीने चालायला माणसे हवीत

सप्रेम नमस्कार.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातल्या एक काकी शिमग्यानंतर बैठकीला यायच्या बंद झाल्या. चौकशी केली तर मुलगा म्हणाला, 'डॉक्टर म्हणतात, डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात आहे. बाजारातून येताना वाट चुकली. आता आम्ही तिला एकटी सोडतच नाही.' त्याची काळजी खरीच. पण काकी दिवसभर सोप्यावर बसून फाटकाच्या कडीकडे बघत राहायच्या.

म्हातारचळ म्हणून आपण हा विषय झाकून ठेवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सातांना. तेव्हा हे एकाच घरातले दुखणे नव्हे.

मुलाची समजूत घालून एका सकाळी आम्ही दोघे काकींना कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वाटेने घेऊन गेलो. चहा झाला की नाही, हे त्यांना सांगता आले नाही. पण कुंपणावरची जाई दिसली आणि त्या थांबल्या. ओंजळभर कळ्या खुडल्या, केळीच्या सुक्या सोपटाची चीर काढून ओली केली आणि बांधावर बसून फाती, म्हणजे कळ्यांच्या वेण्या, ओवायला लागल्या. 'फुललेली नको गो, कळी घे,' असे आमच्या चिटणीसबाईंना दटावलेही! माहेर म्हार्दोळचे, तिथल्या देवळातल्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेला लहानपणापासून हात लागलेले. कालचे निसटते, हातातले एवढ्या लवकर जात नाही. रोज दिवेलागणीला काकी आपल्याच घरात बसून 'घरा वचूंया' (घरी जाऊया) म्हणत बेचैन व्हायच्या. त्या रात्री शांत झोपल्या. एका फेरीने आजार बरा होत नाही, हे आम्हालाही कळते. पण सकाळचे ऊन आणि चालणे झोपेला मदत करते, असे डॉक्टरही सांगतात.

म्हणून दसऱ्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ७ वाजता देवळाच्या तळीपासून कुळागरापर्यंत फेरी काढायची आहे. पाच कुटुंबे तयार आहेत, सोबतीला माणसे मात्र चारच. एकेकाबरोबर दोघे हवेत. कॉलेजातली मुले आली तर फारच बरे. 'मला ओळखलंत?' असे विचारू नये, आपले नाव आपणच सांगावे. रस्त्यावरची गडद सावली कधी त्यांना खड्ड्यासारखी वाटते. तिथे ओढू नये, थांबून हात द्यावा. बाकीचे आम्ही शिकवू.

तळीच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, तिथे कठडा हवा. वाटेत तीन बाकडीही हवीत, पाठीची आणि हातांची. हात नसलेल्या बाकड्यावरून उठताना काय होते ते आमच्या गुडघ्यांना विचारा. खर्च ४५,००० रुपये, जमले १८,०००. रोख खजिनदारांकडेच द्यावी, पावती घ्यावी. घरबांधणीतून उरलेले चिरे, गवंड्याचे दोन दिवस, हेही चालेल.

पोदेर (पाववाले), रिक्षावाले, दुकानदार यांना वेगळी विनंती: फेरीतल्या या आजारी मंडळींपैकी कोणी एकटे दिसले तर हाका मारू नका, बरोबर चालत राहा आणि आम्हाला कळवा.

नावे वाचनालयात संध्याकाळी ५ ते ७ घेतली जातील. घरात असे कोणी असेल आणि चारचौघांत बोलणे जड जात असेल, तर साडेसहानंतर या, तेव्हा गर्दी नसते.