हळदीचा दर रोज छापता, टर्नरचा कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात राजापुरी हळद क्विंटलला किती गेली, बेदाणा किलोला किती, सोनं किती हे सगळं येतं, माझी शेती दीड एकरच आहे तरी चहाबरोबर मी आधी तेच पान उघडतो. पण कुपवाड एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन) ऑपरेटरला आज काय पगार चाललाय, मिरजेकडं फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) साचे करणाऱ्या मोल्डरला काय मिळतंय, हे एवढ्या वर्षांत छापून आलेलं मी तरी बघितलं नाही. विचारायचं तर टपरीवर, आणि टपरीवर माणूस एकतर दोन हजार वाढवून सांगतो नाहीतर रडतो.

मी टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर लोखंडाचे पार्ट कातणारा, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. पगाराच्या स्लिपा जपून ठेवायची मला खोड आहे. 2001 सालची एक स्लिप आहे, सगळं धरून 3,200 रुपये. पोरगा आयटीआय करून आता तसल्याच वर्कशॉपात लागलाय, पण ठेकेदारामार्फत, त्याची स्लिप 14,200ची. घरात बायको म्हणाली, बघा की, चौपट झाला. मग मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. कामगारांचा महागाईचा इंडेक्स केंद्र सरकारचं लेबर ब्युरो दर महिन्याला काढतं, 2001ला 100 धरलेला होता, नंतर 2016ला परत 100 धरून नवा सुरू केला, जुन्याशी जोडायला 2.88नं गुणायचं. नवा इंडेक्स 145च्या वर गेलाय. 145 गुणिले 2.88 म्हणजे 417.6, म्हणजे माझे तेव्हाचे 3,200 आजचे साधारण 13,350 झाले. लेथ जाऊन सीएनसी आलं, पोरगं प्रोग्रॅम टाकतं, मायक्रॉनमध्ये साइज पकडतं, आणि बापापेक्षा जास्त किती घेतं तर 850 रुपये. तेही इंडेक्स आमच्या गावचा नाही, राज्यात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर इथले भाव घेतात, सांगलीचं घरभाडं त्यात कुठंच नाही.

आता कुणी म्हणेल त्याच्या हातात तर एकोणीस हजार पडतात. पडतात, पण ते बारा तासाच्या शिफ्टचे, रोज चार तास जादा थांबून, आणि जादाचे पैसे सिंगल रेटनं. कायद्यानं ओटी डबल पाहिजे, ठेकेदार म्हणतो परवडत नाही, पोरगं म्हणतं बाबा तुम्ही गप्प बसा, सोमवारी गेटवर मलाच उभं राहायचंय. म्हणून म्हणतो, पगार मोजायचा तर तासावर मोजा, महिन्यावर मोजला की माणूस जितका जास्त राबतो तितका तो सुखी दिसतो.

सरकार मोजतच नाही असं नाही. उद्योगांचा वार्षिक सर्व्हे होतो, पण 2022-23चे आकडे आले सप्टेंबर 2024ला, म्हणजे दीड वर्षानं, आणि त्यात फॅक्टरी म्हणून नोंद असलेले कारखानेच, ठराविक आकड्यापेक्षा कमी माणसं असली तर धरत नाहीत. आमच्याकडं पाच-सहा माणसांची जॉबवर्कची शेडं किती आहेत ते औद्योगिक वसाहतीत एक चक्कर मारली की कळेल. त्या सर्व्हेतच देशातले चाळीस टक्क्यांच्या आसपास कामगार कंत्राटी निघालेत, त्यामुळं कायमवाल्याचा आणि ठेकेदाराकडच्याचा आकडा वेगवेगळा दाखवल्याशिवाय सरासरी बघून काही उपयोग नाही.

माझं मागणं साधं आहे. किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे मिळणारा, जानेवारी आणि जुलैला बदलतो. त्याच दोन महिन्यांत सांगलीतल्या एखाद्या कॉमर्स कॉलेजच्या पोरांनी त्याच त्याच शंभर कामगारांच्या स्लिपा बघाव्यात (नाव झाकून, कंपनीचंही झाकून, नाहीतर कोण देणार), टर्नर, फिटर, मोल्डर, हेल्पर असं वेगळं करावं, तासाला किती ते काढावं, आणि तुम्ही ते हळदीच्या दराशेजारी छापावं. चार ओळींची जागा लागेल. माणसं दरवेळी तीच ठेवा म्हणजे फरक कळतो, दरवेळी नवी घेतली की पगार वाढला का माणूस बदलला तेच कळत नाही.

सुरुवातीला माझ्या स्लिपा घेऊन जा. 1995पासूनच्या आहेत, 2019च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या घरात ट्रंकेचा तळ भिजला तेव्हा काहींची शाई पसरली, पण बेसिक आणि डीए वाचता येतो.

आपला वाचक,
एक रिटायर टर्नर, कुपवाड