पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन डोंगरातल्या एखाद्या गावी जाऊन राहा, असं सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगलाच आहे. त्यातल्या ‘खर्च जवळपास शून्य’ या तीन शब्दांवर मात्र मला बोलायचंय, कारण हा उन्हाळा आम्ही अगदी तसाच काढला. आम्ही म्हणजे मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि नुकताच धरून धरून चालायला लागलेला मुलगा. राहतो नाशिकला, भाड्याच्या घरात. मी एका खासगी शाळेत शिकवते, नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं. त्याचं गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, घाटघरच्या रस्त्यावरून आत वळलं की. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तशाही मोबाइलमध्ये बघत बघत पुष्कळ गाड्या येतात.

आजवर आम्ही सणाला जाऊन दोन दिवसांत परत फिरायचो. यंदा माझी शाळा सुटल्यापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथंच राहिलो. त्यामुळं एक गोष्ट कळली, जी दोन दिवसांच्या पाहुण्याला कधीच कळत नाही. आपण ज्याला सुट्टी म्हणतो तो तिथल्या घरांचा सगळ्यात धावपळीचा काळ असतो. जूनमध्ये एकदा पाऊस धरला की चार महिने बाहेरचं काही करता येत नाही. जळण, गोवऱ्या, गुरांचा चारा, तिखट-मीठ, सगळं त्याआधी आत आलं पाहिजे. कौलं उतरवून झाडून परत बसवायची, फुटकी बदलायची. पावसाचा मारा ज्या बाजूनं येतो तिथल्या कुडाला गवताचा आडोसा बांधायचा. आणि राब भाजायचा. भाताच्या रोपांसाठी जी जागा धरलेली असते तिच्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या छाटलेल्या फांद्या, गवत असे थर द्यायचे, वरून माती भुरभुरायची आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. शहरातली माणसं याला धूर आणि प्रदूषण म्हणतात. मीही लग्नाआधी म्हटलं असतं. सासऱ्यांचं म्हणणं एवढंच, की भाजलेल्या जागेत तण कमी उगवतं आणि रोप जोमानं येतं. न भाजता तेवढंच जमत असेल तर कुणीतरी येऊन करून दाखवावं, काळभाताचं बी मी देतो.

लेकीचं तिथं फार छान गेलं, हे आधी सांगून टाकते. लेखात लिहिलंय तसं सगळं झालं: करवंदं, आळवं, रायवळ आंबे, गुडघे फुटणं, रात्री अंगणात झोपणं. पण तिला खेळायला पोरं मिळाली ती का मिळाली, हे लेखात नव्हतं. या भागातली कितीतरी मुलं वर्षभर आश्रमशाळेत राहतात. त्यांची आई-बापं भातकापणी उरकली की नारायणगाव, आळेफाटा, नाशिक अशी मजुरीला जातात. घरातली सगळी माणसं एका छपराखाली येतात ती याच दिवसांत. माझी लेक ज्यांना ‘सुट्टीतल्या मैत्रिणी’ म्हणते, त्या त्यांच्या स्वतःच्या घरी सुट्टीला आलेल्या असतात. आणि सकाळी खेळायला यायच्या आधी प्रत्येकीच्या डोक्यावरून एक हंडा येऊन गेलेला असतो.

आता मुद्द्यावर येते.

घाटघरला ‘नगर जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणतात. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण चेरापुंजी अजून नगरचीच.) या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात प्यायला पाणी नसतं. कारण साधं आहे. खाली काळा कातळ, वर वीतभर माती, आणि सगळा उतार. पडलं तेवढं पाणी ओहोळांनी खाली धावतं, मुरतं थोडं. दिवाळीपर्यंत झरे चालतात, होळीनंतर विहीर खाली जाते. दारात नळ आहे, तोटी चकचकीत आहे. पण तो नळ ज्या विहिरीवर आहे तीच आटल्यावर त्यात पाणी कुठून येणार? मग उरतो ओहोळातला झिरा. रेतीत खड्डा करायचा, पाणी पाझरून साचेपर्यंत बसून राहायचं, वाटीनं हंडा भरायचा आणि चढण चढून घर गाठायचं. पहिली बाई पहाटे चारला जाते, कारण सहाला जाणारीला गढूळ मिळतं.

या सगळ्याच्या खाली डोळ्यांसमोर भंडारदऱ्याचं पाणी चमकत असतं. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेलं हे धरण. सुमारे ११ टीएमसी पाणी त्यात मावतं आणि प्रवरेच्या कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या शेतीला जातं. खालच्यांनी उसाला पाणी घेऊ नये असं मी म्हणत नाही. माझं माहेर तिकडचंच आहे आणि आमच्या घरात शिक्षणाचा पैसा उसातूनच आला. पण वरच्या वाडीला तेच पाणी हवं असेल तर पंप, पाइप आणि विजेचं बिल लागतं. त्यातही मे महिन्यात पाणी इतकं मागं हटलेलं असतं की मधल्या गाळात गुरं रुततात.

अशा घरी आम्ही चौघं जाऊन पडलो. पहिल्या आठवड्यात माझी जाऊ एकदाही काही बोलली नाही. मी पोराला दोनदा आंघोळ घालत होते, घामोळं आलं होतं म्हणून. त्याचे कपडे रोज धूत होते. एके संध्याकाळी सासूबाई चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाल्या, “पाव्हन्याला भाकर घालायला काय नाय गं. दोन जास्त थापायच्या. पन त्याच्या आंघोळीचं पानी कोन आनील?” आम्हाला उद्देशून नव्हतं ते. शेजारच्या घरात काजवे बघायला यायच्या लोकांचं बुकिंग झालं होतं, त्यावरून निघालं होतं. पण मी दुसऱ्या दिवसापासून जावेबरोबर झिऱ्यावर जायला लागले. आमच्याकडच्या हंड्यात पंधरा लिटर बसतात. ग्रामीण भागासाठी सरकारी निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, शहरांसाठी १३५ चा. आम्ही चौघं शहरी सवयीनं वागलो तर निकषाप्रमाणे ५४० लिटर, म्हणजे ३६ हंडे. रोज. हे गणित मी अंगणात कोळशानं मांडलं तेव्हा जाऊ हसली आणि म्हणाली, वहिनी, पाचवा हंडा आणून दाखव.

काजव्यांबद्दल. मेअखेरीपासून पाऊस जमेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर ते लाखांनी येतात, आणि अख्खं झाड एका लयीत पेटतं नि विझतं. बघण्यासारखं आहे, ज्यानं बघितलं नाही त्यानं जरूर बघावं. पण हा उजेड नर-मादीच्या भेटीसाठीचा असतो, आणि गाडीचे दिवे किंवा मोबाइलची बॅटरी पडली की त्या झाडावरचा खेळ विस्कटतो. शनिवारी रात्री धरणाजवळच्या शेंडी गावापासून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरपर्यंत दिव्यांची रांग लागलेली मी पाहिली. आमच्या वाडीच्या वळणावर गाड्या दोन तास जागच्या हलल्या नाहीत, आणि त्या दोन तासांत काही मंडळी उतरून ओहोळात गेली. पहाटे आम्ही गेलो तेव्हा झिऱ्याच्या काठाला कागदी ताटल्या होत्या, आणि वरच्या बाजूला जे होतं ते छापण्यासारखं नाही. त्या दिवशी झिरा उपसून पुन्हा भरेपर्यंत दुपार झाली. तासातासानं कळशी मिळत होती.

यावर सरसकट ‘पर्यटक नकोत’ असं लिहिणारं पत्र आपल्याला दुसऱ्या कुणाकडून येईल. मी लिहिणार नाही. शेजारच्या घरानं त्या पंधरवड्यात जेवणाची ताटं वाढून जे मिळवलं, त्यातून त्यांचं खत-बियाणं आलं आणि मुलाला कॉलेजसाठी राजूरला ठेवायची सोय झाली. नाही तर तोच मुलगा टोमॅटो तोडायला गेला असता. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडी, नागलीचे पापड याला पैसे मिळतात, छान मिळतात. फक्त पाणी कुणी दरपत्रकात धरत नाही. ताटाचे दोनशे, झोपायचे पाचशे, आणि आंघोळीची बादली? ती घरच्या बाईनं डोक्यावरून फुकट आणायची. मोठ्या मुक्कामांना टँकर येतो, त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात जातात. लहान घराला टँकर परवडत नाही आणि आमच्या वळणावर तो चढतही नाही.

आणि याला उपाय नाही असंही नाही. नवरा रेंज मिळते त्या टेकाडावर हिरड्याखाली बसून ऑफिसचं काम करायचा, तिथंच आम्ही दोघांनी हा हिशेब केला. सहा माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाचं माणशी २० लिटर धरलं तर दिवसाला १२० आणि एप्रिल-मे मिळून साधारण ७,२०० लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरची एक झाकणबंद टाकी घराशेजारी असली तर दोन्ही महिने निघतात, वर पाहुण्यालाही एक-दोन बादल्या देता येतात. कौलाचं छप्पर ३० चौरस मीटरचं धरा. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे त्यावरून ३,००० लिटर. जुलैत इथं असा पाऊस एका दिवसात पडून जातो. चार दिवसांत भरणारी टाकी! पहिल्या पावसाचं धुळकट पाणी सोडून द्यायचं, गाळायला वाळू-खडी घालायची, सप्टेंबरच्या सरींनी पुन्हा काठोकाठ भरून घ्यायची आणि झाकण लावून ठेवायचं. सिमेंट आणि जाळीच्या अशा टाक्या डोंगरी भागात कितीतरी ठिकाणी झाल्या आहेत. अडतं ते पैशाशी. मजुरीवर जाणारं घर एवढी रक्कम एका वेळी काढू शकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. काजव्यांच्या दिवसांत येणाऱ्या गाड्यांकडून जी पावती घेतली जाते, तिचा ठरावीक वाटा त्या त्या वाडीच्या टाक्यांसाठी बाजूला काढावा, आणि किती जमला, कुणाच्या दारात टाकी झाली, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दरवर्षी लिहावं. ज्या घरात पाहुणे उतरतात त्या घराला आधी टाकी द्यावी असं काहींचं मत पडलं. मला ते पटत नाही. झिऱ्यावर सगळ्यात लांबून येणाऱ्या घरापासून सुरुवात व्हावी. आमच्या वाडीत ते एका म्हाताऱ्या विधवेचं घर आहे आणि तिच्याकडे कुणी पाहुणा उतरत नाही.

आपल्याकडून अपेक्षा लहान आहे. पुरवणीत काजव्यांच्या जागा, कसं जावं, कुठं राहावं हे दरवर्षी चौकटीत येतं. त्याच चौकटीत दोन ओळी वाढवाव्यात: शनिवार-रविवार टाळा, गाडी शेंडीला ठेवा, पिण्याचं पाणी घेऊन या, मुक्कामात आंघोळीसाठी एका बादलीच्या वर मागू नका आणि त्या बादलीचे पैसे वेगळे द्या. बादलीचा दर किती असावा हे मी जावेला विचारलं. ती म्हणाली, पन्नास. मी म्हटलं, कमी आहे. सध्या पन्नास छापा, पुढच्या वर्षी वाढवू.

लेख लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार कळवावा. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना मुलांसह आमच्याकडे यायचं असेल तर अंगणात जागा आहे, मच्छरदाणी आम्ही देऊ. येताना दोन रिकाम्या कळश्या आणाव्यात, आमच्याकडे कमी पडतात.

आपली,
एक शिक्षिका, नाशिक

(नाव छापू नये. सासूबाई पेपर वाचत नाहीत, पण सासरे राजूरच्या बाजारात वाचून घेतात.)